आषाढीचं पाच तासांचं रेकॉर्डिंग एका डीव्हीडीवर: प्रकल्प नोंदी

१० जुलै २०२२, रविवार

आषाढी एकादशी. दूरदर्शनच्या फ्री डिशच्या बॉक्सला पेनड्राइव्ह लावून सह्याद्रीचा टायमर रात्री दोनचा ठेवला होता. विठ्ठलाची शासकीय महापूजा, मग रुक्मिणीची, मानाच्या वारकऱ्यांचा सत्कार, भाषणं, पुढे कीर्तन. सकाळी बंद केलं तेव्हा ५ तास २० मिनिटं जमली होती.

हे सगळं राजापूरजवळ राहणाऱ्या आत्यासाठी. तिच्याकडे जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर आहे. प्लेअरला यूएसबीचं भोक नाही आणि मोबाइलला रेंज हवी तर वरच्या पाणंदीपर्यंत चालावं लागतं. तिची अट एकच: "मधेच उठून तबकडी बदलायला लावू नकोस हां, गुडघे धरतात." म्हणजे एकच डिस्क. मुदत गणपतीची, ३१ ऑगस्ट. त्याआधी निघायचं.

पेनड्राइव्हवर तीन फायली निघाल्या. बॉक्सने तो फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल राहत नाही, म्हणून बॉक्स रेकॉर्डिंग तोडत जातो. एकूण ९.३ जीबी. मीडियाइन्फोत (फायलीची तांत्रिक माहिती दाखवणारं साधन) पाहिलं तर चित्र एमपेग-२ (दाबून साठवायची पद्धत), ७२०×५७६, इंटरलेस्ड, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत, दोन 'फील्ड'मध्ये, येते. आवाज एमपी-२, १९२ किलोबिट, ४८ किलोहर्ट्झ. डीव्हीडीलाही नेमकं हेच चालतं. त्यामुळे काम सोपं वाटलं.

१२ जुलै

आधी हिशोब. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज ४.३७ दाखवतो. फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. ४.७ जीबी म्हणजे ३७,६०० मेगाबिट. त्यातले तीनेक टक्के डीव्हीडीच्या बांधणीत जातात. उरलेल्याला सेकंदांनी भागलं की आवाजासकट किती बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा) परवडतो ते कळतं. दोन तासांना ५ मेगाबिट, तीन तासांना ३.४, चार तासांना अडीच. माझं रेकॉर्डिंग ३.९ च्या आसपास आहे.

फाइल किती जीबीची आहे हे बघत बसण्यात अर्थ नाही. मिनिटं मोजायची. ५ तास २० मिनिटं जशीच्या तशी बसणार नाहीत, त्यामुळे आधी कात्री, मग बाकी सगळं.

१३ जुलै

तीन तुकडे जोडले. टीएस फायली (बॉक्स याच रूपात रेकॉर्ड करतो) नुसत्या एकामागे एक चिकटवल्या तरी चालतं, विंडोजच्या कॉपी कमांडला बायनरीचा पर्याय दिला की झालं. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

अडचण आवाजाची. पहाटे पाऊस होता, सिग्नल चार-पाच वेळा गेला आणि आला. एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या साधनाने सरळ रूपांतर करून पाहिलं, तर पहिल्या खंडानंतर आवाज जरासा मागे, दुसऱ्यानंतर आणखी मागे. शेवटच्या तासात हात हलतात आणि मग टाळ वाजतात. आख्ख्या फायलीचा आवाज पुढे सरकवून हे सुटत नाही, कारण फरक ठिकठिकाणी वेगळा आहे.

उपाय जुनाच: प्रोजेक्ट-एक्स. जावावर चालणारं फुकटचं साधन, दिसायला ओबडधोबड, पण सॅटेलाइटच्या रेकॉर्डिंगसाठीच बनवलेलं. ते चित्र आणि आवाज वेगळे काढतं आणि जिथे चित्राच्या फ्रेम गळाल्या तिथे आवाजाच्याही तेवढ्याच फ्रेम काढतं किंवा भरतं. नंतर कीर्तनातल्या चिपळ्या पाहून खात्री केली. मृदंगापेक्षा चिपळ्या बऱ्या, आघात नेमका दिसतो.

याच्या आधी दुसरं काहीही करू नका. कापून, लहान करून झाल्यावर आवाज सरकलेला सापडला तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

१६ जुलै

कापणी. प्रोजेक्ट-एक्समध्येच खुणा केल्या. पूजेआधीची तयारीची पुनरावृत्ती, जाहिराती, पुढच्या कार्यक्रमांची झलक आणि भाषणं गेली. भाषणं काढताना जरा विचार केला, पण आत्याने ती ऐकली नसती. ४ तास ५ मिनिटं उरली.

एमपेग-२ कुठेही कापता येत नाही. पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदाने एकदा येतं, मधल्या फ्रेम त्याच्या आधाराने उभ्या असतात. म्हणून कात्री अर्धा सेकंद मागेपुढे पडते. एका ठिकाणी साबणाच्या जाहिरातीची शेवटची चमक राहिली आहे, ती राहू दिली.

नवा आकार ६.६ जीबी, डिस्क ४.३७ ची.

दोन थरांची डिस्क घेतली असती तर काहीच लहान करावं लागलं नसतं. तिच्यात विंडोजच्या मापाने जवळपास ८ जीबी मावतात. माझ्याकडे जुनी एक पडून होती, तिच्यावर करून पाहिलं. घरच्या प्लेअरवर पहिला थर संपून दुसरा सुरू होतो तिथे चित्र थिजलं, रिमोटने पुढे ढकलल्यावर सुरू झालं. आत्याचा प्लेअर याहून जुना. तिला "तिथे अडकलं की पुढे ढकल" हे फोनवर समजावण्याची माझी तयारी नाही. शिवाय अशी एक डिस्क साध्या सहा-सात डिस्कांच्या भावात येते.

१७ जुलै

डीव्हीडी श्रिंक. डीव्हीडीचा आकार लहान करणारा, २००४ पासून न बदललेला प्रोग्राम, अजून चालतो. त्याला बांधलेली डीव्हीडी लागते, म्हणून आधी डीव्हीडी-ऑथरने (फायलींची डीव्हीडी बांधणारा प्रोग्राम) ६.६ जीबीचंच फोल्डर बांधलं. डीव्हीडी-ऑथर पहिल्यांदा अडून बसला. पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) की एनटीएससी (अमेरिकेची) हे त्याला स्पष्ट सांगावं लागतं. मग श्रिंकला दिलं, त्याने ६५ टक्क्यांवर आणलं. वीस-पंचवीस मिनिटांत काम झालं आणि मला वाटलं, प्रकल्प संपला.

रीराइटेबल डिस्कवर टाकून टीव्हीवर लावलं. (चाचणीसाठी रीराइटेबलच वापरा, मला ६० रुपयांत एक मिळाली आणि ती पुन्हा पुन्हा पुसता येते.) मंदिराबाहेरची गर्दी, मंडपातले दिवे बरे दिसत होते. गाभाऱ्यात कॅमेरा गेला आणि खेळ खलास. काळा पाषाण, मागे अंधार, वरून एक पिवळा दिवा. मूर्तीच्या गालावर उजेडाचा जो हळूहळू काळोखात जाणारा उतार असतो, त्याच्या चार पायऱ्या झाल्या होत्या. दुधाची धार खांद्यावर पडली की धारेभोवती चौकोन उठायचे आणि धार थांबल्यावरही क्षणभर तिथेच राहायचे.

श्रिंक चित्र नव्याने घडवत नाही, आहे त्यातला तपशील खरवडून काढतो. ऐंशी टक्क्यांपर्यंत ते खपून जातं. पासष्टला अंधार आधी मरतो.

१९ जुलै

आता नव्याने एन्कोड, म्हणजे चित्र पुन्हा दाबून नवी फाइल बनवायची. एफएफएमपेगला पाल-डीव्हीडीचं टार्गेट (तयार सेटिंग) दिलं आणि झोपलो. सकाळी ११ जीबीची फाइल. त्या टार्गेटमध्ये बिटरेट आपोआप ६००० किलोबिट धरलेला असतो, तो आपण बदलायचा असतो. रात्र गेली, लॅपटॉपचा पंखाही तापला. मूळ रेकॉर्डिंग ३.९ चं असताना ६ चं करून चित्र सुधारत नाही, फक्त फुगतं.

२० जुलै

दोन पासांचं एन्कोडिंग, ७२०×५७६, बिटरेट २२८०. आकडा असा आला: ३६,४७० मेगाबिट भागिले १४,७०० सेकंद, त्यातून आवाजाचे १९२ वजा. आवाज पुन्हा एन्कोड केला नाही, एमपी-२ पालच्या डीव्हीडीत चालतो, जसाच्या तसा घेतला. एका पासला तासभर लागतो.

पहिल्या पासात तो फक्त मोजमाप करतो, कुठे किती हालचाल आहे ते लिहून ठेवतो. दुसऱ्यात त्याप्रमाणे वाटणी करतो. निवेदक बोलत बसलेला असेल तिथे वाचवलेले बिट गर्दीत खर्च होतात. एका पासात हे जमत नाही आणि शेवटचा आकारही नेमका येत नाही.

श्रिंकपेक्षा बरं. तरी गाभाऱ्यात चौकोन आहेतच, पायऱ्या चारच्या जागी सहा-सात झाल्या एवढंच. ७२०×५७६ ला सव्वादोन मेगाबिट म्हणजे उपासच.

२३ जुलै, शनिवार

डीव्हीडीच्या नियमात ७२०×५७६ शिवाय ३५२×५७६ हा आकारही बसतो. उंची पूर्ण, रुंदी अर्धी. प्लेअर ते ताणून पूर्ण पडद्यावर दाखवतो. मला हे आधीपासून माहीत होतं, पण "अर्धी रुंदी" ऐकूनच नको वाटत होतं. आज दुसरा मार्ग उरला नव्हता.

तोच वेळ, जवळपास तोच बिटरेट, पण भरायची जागा निम्मी. चित्र जरा मऊ झालं, चौकोन मात्र गेले. आत्याच्या २१ इंची पिक्चर ट्यूबला आडवा तपशील तसाही फार दिसत नाही. मोठ्या एलईडीवर हा मऊपणा जाणवेल.

दिंडीच्या दृश्यात मात्र पताका थरथरत होत्या. वारा नव्हे, सगळ्याच थरथरत होत्या, पुढे-मागे, पुढे-मागे. चित्र इंटरलेस्ड असताना एन्कोडर ते प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेम एकदम येणारं) समजून चालला होता. संगणकावर हे कळत नाही, टीव्हीवर लगेच कळतं.

२४ जुलै

फील्डचं प्रकरण मिटवलं. एन्कोडरमध्ये इंटरलेस्ड डीसीटी आणि इंटरलेस्ड मोशन एस्टिमेशन हे इंटरलेस्ड चित्रासाठीचे दोन्ही पर्याय चालू केले, वरची फील्ड आधी हे सांगितलं. उंचीला हात लावायचा नाही, ५७६ म्हणजे ५७६. उंची निम्मी केली, म्हणजे ३५२×२८८, तर दोन फील्डची सरमिसळ होते आणि हालचाल झटके देत जाते. सहा-सात तास कोंबायचे असतील तर तो आकार कामाचा, पण मग ती जुनी व्हीसीडीच झाली.

आणखी एक केलं: अगदी हलका डीनॉइज (चित्रातली खसखस दाबणं), फक्त टेम्पोरल, म्हणजे लागोपाठच्या फ्रेमची तुलना करून. अंधारात कॅमेऱ्याची जी मुंग्यांसारखी खसखस असते ती प्रत्येक फ्रेमला वेगळी, आणि एन्कोडर तीच इमानेइतबारे साठवत बसतो. ती थोडी दाबली की वाचलेले बिट चेहऱ्याला मिळतात. जास्त दाबली तर वारकऱ्यांचे चेहरे मेणाचे दिसतात. तेही करून पाहिलं आणि मागे आलो.

आज पहिल्यांदा गाभारा पाहून मी उठलो नाही, पूजा बघत बसलो.

३० जुलै, शनिवार

कोऱ्या डिस्का. एकेकाळी मोझर बेअरची डिस्क कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळायची. ती कंपनी बंद पडल्यापासून शोधावं लागतं. लॅमिंग्टन रोडवर दहा डिस्कांची खोक्यातली थप्पी २२० रुपयांना मिळाली, नाव न ऐकलेलं. दुकानदार म्हणाला, "दादा, आता कोण घेतं या, सीसीटीव्हीवाले सोडून." खरं असावं.

पहिली डिस्क बर्न केली, व्हेरिफायही (लिहिलेलं परत वाचून तपासणं) बरोबर झालं. घरच्या प्लेअरवर चार तास लावून ठेवली. शेवटच्या दहा मिनिटांत, नेमक्या आरतीला, चित्र फुटायला लागलं. दुसरी डिस्क, तिथेच.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे कार्यक्रमाचा शेवट अगदी कडेला येतो. स्वस्त डिस्कवर रंगाचा थर कडेला धड नसतो, बोटंही तिथेच लागतात, आणि डिस्क किंचित वाकडी असली तर तीही कडेलाच जास्त डुलते. संगणकाचा ड्राइव्ह पुन्हा पुन्हा वाचून निभावून नेतो, पण प्लेअरला चित्र थांबवून चालत नाही. व्हेरिफाय बरोबर येऊनही टीव्हीवर बिघडते ती यामुळे.

दोन बदल केले. एक, १६एक्सच्या डिस्कवर ८एक्सच्या वेगाने लिहायचं. दोन, डिस्क काठोकाठ भरायचीच नाही, ४.२५ जीबीवर थांबायचं. त्यासाठी बिटरेट २२८० वरून २२०० वर आणला. पुन्हा दोन पास, पुन्हा दोन तास. फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि आरती व्यवस्थित चालते.

कडेचे शे-सव्वाशे एमबी मी आता हिशोबातच धरत नाही.

६ ऑगस्ट

आत्याने फोनवर आणखी एक कीर्तन मागितलं होतं, ते दुसऱ्या वाहिनीवरून घेतलं. दीडच तासाचं, म्हणून काहीही लहान न करता सरळ बांधलं. संगणकावर व्हीएलसीमध्ये झकास. प्लेअरवर कीर्तनकार डावीकडे सरकलेले आणि उजवीकडे पडद्यावर हिरवा पट्टा.

मीडियाइन्फो आधी पाहायला हवं होतं: ५४४×५७६. सॅटेलाइटवर जागा वाचवायला काही वाहिन्या असा आकार पाठवतात. एमपेग-२ असलं तरी डीव्हीडीच्या नियमात ही रुंदी नाही. ७२०, ७०४ आणि ३५२ एवढ्याच. व्हीएलसी काहीही पचवतो, म्हणून त्याच्या होकाराला किंमत देऊ नये.

इथे ७२०×५७६ केलं, जागा भरपूर होती.

१३ ऑगस्ट

नाटक, दोन अंकी, जाहिराती काढून २ तास ३८ मिनिटं. ७२०×५७६, सगळं नियमात. प्रोजेक्ट-एक्समधून काढून बांधलं तर ४.२१ जीबी. एन्कोडिंग नाही, श्रिंक नाही, जसं आलं तसं गेलं. अर्ध्या तासात काम. पावणेतीन तासांच्या आतलं फ्री डिशचं रेकॉर्डिंग असेल तर आधी हेच करून बघा. मी आषाढीपासून सुरुवात केली म्हणून तीन आठवडे गेले.

२० ऑगस्ट, शनिवार

आषाढीची एक डिस्क चुलतभावाबरोबर पुढे पाठवली होती, त्याला मुद्दाम सांगितलं होतं की आत्याला एकटीला लावू दे, तू नुसता बघ. त्याचा आज फोन आला.

चित्राबद्दल तक्रार नाही. मूर्तीजवळ कॅमेरा गेल्यावर तिने हात जोडले म्हणे, म्हणजे चौकोन दिसले नसावेत. तक्रार मेनूची. मी हौसेने चार बटणांचा मेनू केला होता: महापूजा, रुक्मिणी, कीर्तन, आरती. पिक्चर ट्यूबवर अक्षरं धूसर, कडेचं बटण पडद्याबाहेर, आणि कुठलं बटण निवडलंय ते कळत नव्हतं. ती दहा मिनिटं मेनूच बघत बसली, त्यामागे वाजणारा अभंग ऐकत. मग म्हणाली, "एवढंच आहे का रे?"

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्राची कड सगळ्या बाजूंनी थोडी झाकली जाते, हे मला आठवायला हवं होतं. मेनू करायचाच तर बटणं मधे घ्या, अक्षरं मोठी आणि रंग दोनच.

२१ ऑगस्ट

मेनू काढूनच टाकला. डीव्हीडी-ऑथरमध्ये डिस्क घातली की थेट पहिलं टायटल सुरू होईल असं केलं. त्याऐवजी दर दहा मिनिटांनी चॅप्टर, शिवाय प्रत्येक पूजेच्या आरंभी एक. तिला रिमोटवरचं पुढे जायचं बटण कॅसेटच्या काळापासून माहीत आहे, तेवढं पुरतं. शेवट झाला की पुन्हा सुरुवातीला न जाता थांबेल असं ठेवलं, नाहीतर ती झोपली की प्लेअर रात्रभर फिरत राहील.

याला पुन्हा एन्कोड लागत नाही, नुसती बांधणी. दहा मिनिटं.

२७ ऑगस्ट, शनिवार

अंतिम बर्न. आषाढीच्या दोन प्रती, नाटक आणि कीर्तनाची एकेक. प्रत्येक डिस्कची शेवटची पंधरा मिनिटं प्लेअरवर पाहिली, सुरुवात पाहिलीच नाही. बिघडली तर शेवटीच बिघडते. आषाढीची एक प्रत तिथेही अडली, तिच्या जागी दुसरी केली. 

नावं डिस्कच्या मधल्या पारदर्शक कड्यावर मार्करने लिहिली. वर कागदी लेबल चिकटवू नका. डिस्क एका बाजूला जड होते आणि पावसाळी हवेत कागद सुटून प्लेअरमध्ये अडकतो.

खर्च: डिस्का २२०, रीराइटेबल ६०, बाहेरून लावायचा यूएसबी रायटर १,४५०. लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, तो घ्यावाच लागला. सॉफ्टवेअर सगळं फुकट.

आत्याने आता दिवाळी पहाटचं सांगून ठेवलंय. ते साडेतीन तासांचं असेल असं धरून चाललोय, म्हणजे आवाज आणि बांधणी जाऊन चित्राला साधारण २६०० उरतात. पुन्हा ३५२ लाच जाईन, पण पहाटेच्या मंचावरचे दिवे गाभाऱ्यापेक्षा उजळ असतात, त्यामुळे डीनॉइज लागू नये.